'नगण्य' हा शब्द मी लिहिला होता

काही वर्षांपूर्वीची मे महिन्याची सुट्टी. पावसाआधी घराची कौलं चाळायची होती, दोन वासे बदलायचे होते आणि पैशाची नेहमीसारखीच ओढाताण होती. अशात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. किनाऱ्यावरच्या दालदी वस्तीतला मुलगा, शाळेत असताना मराठीचे निबंध माझ्याकडून तपासून घ्यायचा. पुढे इंजिनिअर झाला आणि मुंबईत एका मोठ्या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत लागला. म्हणाला, "सर, भाषांतराचं काम आहे. इंग्रजीतून मराठी. साधारण चाळीस पानं. पैसे बरे मिळतील."

मी हो म्हटलं. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला भाषांतराचे पैसे मिळण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत.

कागद आले. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी होऊ घातलेल्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा तो सारांश होता. प्रकल्पाचं आणि कंपनीचं नाव मी इथे देत नाही. तो प्रकल्प पुढे कागदावरच राहिला आणि माझा रोख त्या एका कंपनीवर नाही. माझा रोख एका शब्दावर आहे, आणि तो शब्द मीच लिहिला होता.

अहवालात एक ओळ होती. प्रकल्पक्षेत्रातल्या खाडीत होणारी मासेमारी आणि तिच्यावर होणारा परिणाम, दोन्ही मोजण्याइतके नाहीत, अशा अर्थाची. मी लिहिलं, 'नगण्य'. शब्द नेमका होता, शुद्ध होता. मला स्वतःचं कौतुकही वाटलं असेल. कौलं चाळून झाली, वासे बदलले.

पुढे जनसुनावणी लागली. आपण भाषांतर केलेला मजकूर लोकांसमोर कसा वाचला जातो ते बघावं म्हणून मी गेलो. मांडव, खुर्च्या, माइक, पोलीस, चहा. व्यासपीठावरून कुणीतरी माझा मराठी सारांश वाचत होतं. 'नगण्य' आलं आणि मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. शेजारच्या बाईला तिने त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता. ती म्हणाली, "ह्या कोणी मोजल्यान? आमच्याकडे तर कोण येवक नाय."

ती खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढणारी बाई होती. ओहोटी लागली की पाच-पंधरा बायका गुडघाभर चिखलात उतरतात, हातांनी चाचपून तिसऱ्या, मुळे, कालवं काढतात, टोपलीत भरतात आणि बाजारात वाटे लावून विकतात. त्यांच्याकडे होडी नाही, परवाना नाही. त्यांचा माल बंदरावर उतरत नाही, म्हणून बंदराच्या वहीत चढतही नाही. पण कुणाच्या मुलाची शाळेची फी, कुणाच्या नवऱ्याचं औषध त्या चिखलातून येतं.

रात्री मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. जरा रागातच विचारलं की, तू किनाऱ्यावरचा मुलगा, तुला तिसऱ्या ठाऊक नाहीत? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहेत, सर. पण फॉर्ममध्ये रकाने असतात. यांत्रिक नौका किती, बिगरयांत्रिक किती, परवाने किती, मासळी उतरवण्याची केंद्रं किती. हाताने तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचा रकानाच नाही."

तेव्हापासून तो शब्द मला सोडत नाही. ज्याची गणना करण्याची गरज नाही ते नगण्य, असा अर्थ मी वर्गात सांगत आलो. इथे उलटं झालं होतं. गणना केलीच नाही, म्हणून ते नगण्य ठरलं.

आता या धंद्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. पूल, बंदर, धरण, कारखाना यांचे आराखडे करणाऱ्या मोठ्या सल्लागार कंपन्यांत आता एक वेगळा विभाग असतो. सस्टेनेबिलिटी, कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटी अशी त्याची नावं. प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील याचा अहवाल हा विभाग करतो. गावकऱ्यांशी बोलणी कशी करायची, सामाजिक दायित्वाचा निधी कुठे खर्च करायचा, वर्षअखेरीस कंपनी किती जबाबदारीने वागली याचा दाखला कसा लिहायचा, हेही तोच सांगतो. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून असा जबाबदारीचा वार्षिक अहवाल देणं सेबीने सक्तीचं केलं आहे. म्हणजे हे काम वाढणार, आणि त्यात आपली मुलंही नोकऱ्या करणार.

हे काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. विहिरीच्या पाण्यात काय आहे, हवेत धूळ किती आहे, सड्यावर कुठली झाडं आहेत, हे कुणीतरी शिकलेल्या माणसाने मोजायलाच हवं. मोजलेलं कागदावर असलं तर उद्या कंपनीला धरता येतं. नुसत्या भाषणांनी कुणाला धरता येत नाही. माझा प्रश्न दोनच गोष्टींचा आहे. मोजणाऱ्याला पैसे कोण देतं? आणि मोजलेलं कुणाच्या भाषेत सांगितलं जातं?

पहिला प्रश्न. आपल्या देशात पर्यावरण परिणामांच्या मूल्यांकनाचा नियम १९९४ साली आला आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने त्याला आजचं रूप मिळालं. या नियमानुसार ज्याला प्रकल्प करायचा आहे, तोच सल्लागार निवडतो आणि तोच त्याची फी भरतो. शाळेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याच्या बापाने पगार द्यावा, तसं हे झालं. तपासणारा प्रामाणिक असेलही, पण व्यवस्थेने त्याच्या प्रामाणिकपणाची रोज परीक्षा का घ्यावी? पर्यावरणमंत्री असताना जयराम रमेश यांनीच जाहीरपणे कबूल केलं होतं की प्रकल्पवाल्याने स्वतःच आपला अहवाल करून आणायचा ही पद्धत म्हणजे एक विनोद आहे. पंधराएक वर्षं होऊन गेली, विनोद चालूच आहे.

हा विनोद कुठवर जातो याचा दाखला आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तिथल्या बॉक्साइट खाणीसाठी एका जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीने अहवाल केला होता. त्यात रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवल्याचं २००७ च्या सुमारास उघडकीला आलं. इथल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगलं दिली होती. ही बर्फाळ प्रदेशातली झाडं. रत्नागिरीत हापूस आहे, काजू आहे, किंजळ आहे, ऐन आहे. स्प्रूस कुणी पाहिलाय? नववीतला मुलगा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो तेव्हा निदान शेजाऱ्याचं नाव उतरवत नाही. पुढे सल्लागारांना सरकारमान्य संस्थेची मान्यता घेण्याचं बंधन आलं आणि मजकूर उचलेगिरीचा नाही असं लिहून देणंही आलं. हे चांगलंच झालं. पण फी कोण भरतो, हे बदललं नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. अशा अहवालासाठी पाणी, हवा, माती यांची आधारभूत माहिती बऱ्याचदा एकाच हंगामातली घेतली जाते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. आता सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आपलं जे काही व्हायचं ते या चार महिन्यांत होतं. डोंगर खचतो तो पावसात, ओढा गढूळ होतो तो पावसात, खाडीत गाळ येतो तोही पावसात. सड्याचंही तेच. एप्रिलमध्ये जांभ्याचा सडा काळाठिक्कर दगड दिसतो, म्हणून कागदावर त्याला 'पडीक' म्हणून मोकळं होता येतं. ऑगस्टमध्ये त्याच सड्यावर फुलांचा गालिचा असतो, गुरं चरत असतात आणि खालच्या वाडीच्या विहिरी भरण्याचं काम चालू असतं. मालवण तालुक्यात कुडोपीच्या अशाच सड्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. पडीक जागेवर कुणी एवढी मेहनत घेतं का?

आता कळणे गावाकडे येतो, कारण तिथे हे दोन्ही प्रश्न एकत्र भेटतात. दोडामार्ग तालुक्यातल्या या गावात लोहखनिजाची खाण यायची होती. २००८ च्या सप्टेंबरमध्ये जनसुनावणी ठरली. अहवालाचा मराठी मजकूर पंचायतीला आणि लोकांना वेळेवर मिळाला नव्हता, म्हणून ती रद्द करावी लागली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा झाली. आलेल्या सगळ्यांनी खाणीला विरोध केला. आसपासच्या ग्रामपंचायतींचे ठराव विरोधात होते. तरी मार्च २००९ मध्ये खाणीला पर्यावरण मंजुरी मिळाली. हा सगळा घटनाक्रम प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने आपल्या २०११ च्या अहवालात नोंदवून ठेवला आहे. मग २९ जुलै २०२१ ला, भर पावसात, त्या खाणीचा मातीचा बांध फुटला आणि खाणीतलं पाणी आणि चिखल कळणे गावात शिरला. घरं, शेती, बागायती, सगळ्यात चिखल.

विरोध करणारे गावकरी काही भूगर्भशास्त्र शिकलेले नव्हते. पण डोंगर पोखरला आणि वरून आपला पाऊस पडला तर काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. या माहितीला कुठल्या फॉर्ममध्ये रकाना आहे?

जनसुनावणीविषयी एक गैरसमजही काढून टाकू. अनेकांना वाटतं तिथे मतदान होतं. तसं काही नसतं. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ व्यवस्था करतं, चित्रीकरण होतं, लोक काय म्हणाले याची नोंद दिल्लीला किंवा मुंबईला जाते. किती माणसं यावीत याची किमान अटही नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार त्या मांडवात कुणालाच नसतो. म्हणजे गावाच्या हातात काय उरतं? कागद नीट वाचणं आणि नेमका प्रश्न विचारणं, इतकंच. त्या म्हातारीने केलं ते. आणि तोच कागद आपल्या भाषेत पुरा मिळत नाही.

हा माझा दुसरा प्रश्न. कायद्याप्रमाणे लोकांना त्यांच्या भाषेत मिळतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. त्यातले तक्ते, नकाशे, परिशिष्टं मराठीत येत नाहीत. कच्चं दूध इंग्रजीत आणि वरवरची साय मराठीत, असा हा हिशेब. ती सायसुद्धा कशी असते ते मी आतून पाहिलं आहे. 'स्टेकहोल्डर' म्हणजे ज्याचं काही पणाला लागलंय तो. त्याचं मराठी सर्रास 'भागधारक' केलं जातं. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला. म्हणजे ज्याची विहीर जाणार आहे तो कागदावर कंपनीचा भागीदार होऊन बसतो. 'मिटिगेशन' म्हणजे त्रास थोडा कमी करणं. मराठीत ते होतं 'निवारण', म्हणजे त्रास संपलाच. आणि 'सस्टेनेबल'ला आपण म्हणतो 'शाश्वत'. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. खनिज काढून संपणारी खाण शाश्वत कशी? उर्दूत याला 'पायेदार' म्हणतात, म्हणजे ज्याचे पाय घट्ट आहेत ते. मला तो शब्द जास्त बरा वाटतो, कारण तो ऐकला की माणूस आपोआप खाली बघतो, पाय कशावर आहेत ते. आमच्या बाजारातली कोळीण 'टिकाऊ' म्हणेल, तेही चालेल. पण शब्द जितका उंच, तितका प्रश्न विचारायला माणूस बिचकतो.

भाषेचा हा प्रश्न एकट्या खेड्याचा नाही. २०२० साली, लॉकडाऊनच्या दिवसांत, याच नियमांचा नवा मसुदा केंद्र सरकारने आणला आणि लोकांची मतं मागवली. मसुदा कुठल्या भाषेत? इंग्रजी आणि हिंदी. शेवटी ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत द्या. त्या अनुसूचीत मराठी आहे, कोंकणी आहे, उर्दूही आहे. वाचल्यावर मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. ज्या दोन भाषा मी पोटासाठी शिकवतो, त्यांत देशाचा कायदा वाचायला मिळावा म्हणून कुणालातरी कोर्टात जावं लागलं होतं. गाडगीळ समितीचीही तीच कथा. अहवाल लोकांच्या भाषांत ग्रामसभांपुढे जावा असं त्या समितीचं म्हणणं होतं. महाराष्ट्रात जो मराठी सारांश फिरला, त्यात आपलं म्हणणं विपर्यास करून मांडल्याची तक्रार खुद्द गाडगीळांनी जाहीरपणे केली. भाषांतर करणारा माणूस किती नुकसान करू शकतो, हे मला कुणी सांगायला नको.

कुणी म्हणेल, तांत्रिक गोष्टी मराठीत येत नाहीत. असं म्हणणाऱ्याने वेंगुर्ल्याला यावं. इथलं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काजू-आंब्यावर काम करतं. काजूच्या जाती त्यांनी काढल्या आणि गावाचंच नाव देऊन आकडे घातले. आज चौथी शिकलेला बागायतदारही 'वेंगुर्ला चार' आणि 'वेंगुर्ला सात' यांत बी कुणाची मोठी, सालपट कुणाचं सहज सुटतं यावर तासभर बोलेल. कारण ते शास्त्र त्याच्या बागेत त्याच्या भाषेत आलं. शास्त्रज्ञाला बागायतदाराची गरज होती, म्हणून भाषेची अडचण आली नाही.

दुसरं उदाहरण कचऱ्याचं. २०१५ नंतर, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, इथल्या नगरपरिषदेने घराघरात कचरा वेगळा करायला लावला. सुरुवातीला आम्ही सगळ्यांनीच कुरकूर केली, माझ्या घरातून सर्वांत जास्त. ओल्या कचऱ्यापासून गॅस, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. जिथून नाक दाबून जायचो तो डेपो बघायला बाहेरगावची माणसं यायला लागली, त्याला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असं नाव पडलं. त्यातही दोष असतील, पुढे ढिलाईही आली असेल. पण माझ्या सहावीतल्या मुलांना सुका कचरा आणि ओला कचरा याचा हिशेब तोंडपाठ होता, तो कुठल्या चकचकीत अहवालातून आलेला नव्हता. मोजणारे आम्हीच होतो आणि चूक झाली तर शेजारीण सांगत होती.

आता सामाजिक दायित्वाच्या निधीकडे येऊ, कारण गावात कंपनीचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "अहो, पण ते शाळेला बेंच देतात." २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावेत आणि जिथे काम चालतं त्या परिसराला आधी प्राधान्य द्यावं. २०१४ पासून ते लागू आहे. चांगला कायदा आहे. आमच्यासारख्या शाळांना त्यातून बाकं, संगणक, शौचालयं मिळाली आहेत आणि मी ती नाकारा म्हणणार नाही.

आमच्या शिक्षककक्षात यावर एकदा चर्चा रंगली. एक सहकारी म्हणाले, "दोन टक्के म्हणजे तुमच्या जकातीपेक्षा अर्धा टक्का कमीच की." सगळे हसले. पण तुलना केलीच आहे तर पुरती करू. जकात अडीच टक्के द्यावी लागते, पण ती दिल्याने गैरमार्गाने आलेले बाकीचे साडेसत्त्याण्णव पाक होत नाहीत, हे मदरशातलं लहान पोरही सांगेल. आधी कमाईचा रस्ता, मग दान. सीएसआरचा नियमही खरं तर हेच म्हणतो. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम त्यात धरता येत नाही. खाणीची माती ओढ्यात जाऊ न देणं, ट्रकवर ताडपत्री घालणं, खड्ड्याचा बांध पावसाआधी तपासणं, ही कामं दायित्वाच्या खात्यात येत नाहीत. ते कर्तव्य आहे, त्याला फोटो नसतो. घोळ होतो तो आपल्याकडून. आपण बेंच मोजतो आणि बांध मोजायला विसरतो. वार्षिक अहवालात दप्तर घेऊन हसणारी आपलीच मुलं छापलेली असतात आणि त्यांच्या मागचा डोंगर फोटोत येत नाही.

मोठ्या सीएसआर प्रकल्पांचा उपयोग झाला की नाही हे स्वतंत्र संस्थेकडून तपासावं, असा नियम २०२१ मध्ये आला. पण ही स्वतंत्र संस्था निवडतं कोण? पुन्हा कंपनीच. पुन्हा उत्तरपत्रिका आणि विद्यार्थ्याचा बाप.

हे असलं काही लिहायला लागलो की काही वाचक कळवतात, सर, तुम्ही आपल्या समाजाच्या प्रश्नांवर लिहा, खाणी-बंदरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी नम्रपणे विचारतो, आपला समाज राहतो कुठे? वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत आपली घरं खाडीला लागून आहेत. होड्या आहेत, जाळी आहेत, नारळीच्या बागा आहेत, आखातातून आलेल्या पैशाने बांधलेल्या विहिरी आहेत. खाडीत गाळ आला तर तो वाडी बघून थांबत नाही. आणि जनसुनावणीला आपण जात नाही. 'आपण कशाला पुढे पुढे करायचं, उगाच नजरेत यायचं' या भीतीने मागच्या रांगेतसुद्धा बसत नाही. ती भीती कुठून येते हे मला समजतं, मी त्याच घरात वाढलो आहे. पण नोंदीत ज्याचं म्हणणं नाही तो पुढे 'नगण्य' होतो, हे मी माझ्या हाताने लिहून पाहिलं आहे.

मग व्हावं काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्यातली एकही अशक्य नाही. सल्लागाराची फी कंपनीने द्यावी, पण ती सरकारकडे किंवा एखाद्या स्वतंत्र निधीत जमा व्हावी आणि सल्लागार तिथून नेमला जावा, कंपनीने नव्हे. अहवाल पुरा मराठीत मिळावा, तक्त्यांसकट, आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव त्यावर असावं. माझं नाव त्या चाळीस पानांवर असतं तर मी 'नगण्य' लिहिण्याआधी एकदा खाडीवर जाऊन आलो असतो. कोकणापुरतं तरी पावसाळ्यातलं मोजमाप धरल्याशिवाय अहवाल पुरा मानू नये. आणि सुनावणीच्या आधी सल्लागार कंपनीच्या माणसाने ग्रामसभेत बसून अहवाल वाचून दाखवावा, 'आम्ही हे असं मोजलं' हे सांगावं. गावाने त्यात भर घातली तर तो रकाना वाढवावा.

सरकार हे कधी करील ते माहीत नाही. तोवर जे आपल्या हातात आहे ते आपण करू शकतो. गावोगावी माझ्यासारखे मास्तर आहेत, निवृत्त तलाठी आहेत, कॉलेजातली मुलं आहेत. सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात किमान तीस दिवस आधी येते. तीस दिवस हा फार मोठा वेळ आहे. चारजणांनी बसून सारांश वाचला, अडलेल्या शब्दांवर खुणा केल्या आणि प्रत्येक आकड्यासमोर 'कुणी, कुठे, कधी मोजलं?' एवढंच लिहिलं, तरी सुनावणीचा रंग बदलेल.

मी शाळेत एक छोटी सुरुवात केली आहे. नववीच्या वर्गात आकलनाच्या तासाला वर्षातून एकदा धडा न घेता असा एखादा जुना सारांश घेतो, गावाची आणि कंपनीची नावं काढून. मुलांना सांगतो, जड शब्दाखाली रेघ मारा आणि तो आपल्या आजीला कळेल असा लिहा. गेल्या वर्षी एका मुलीने 'नगण्य'खाली रेघ मारली आणि समोर लिहिलं, 'मोजायला कुणी आलं नाही'.

मी तिला पूर्ण गुण दिले.

तो विद्यार्थी अजून त्याच कंपनीत आहे. मध्यंतरी ईदला घरी आला होता. शीरखुर्मा खाता खाता म्हणाला, "सर, आता आमच्या फॉर्ममध्ये मी खाली एक ओळ वाढवून घेतलीय. 'इतर, हाताने होणारी मासेमारी, महिलांची संख्या.' वरच्यांनी आधी काढून टाकली होती. पुन्हा घातली." मग हळूच म्हणाला, "भाषांतराचं एक काम आहे. घ्याल?"

मी म्हटलं, घेतो. पण आधी ती जागा बघून येईन, आणि नाव घालणार असाल तरच.

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.